परीक्षेत एका मार्काला येणारे बळवंतराय मेहता नेमके होते तरी कोण?

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, पंचायत राजची शिफारस कुठल्या समितीने केली? डोळे न उघडता उत्तर येईल, बळवंतराय मेहता समिती, १९५७. त्रिस्तरीय रचना. लोकशाही विकेंद्रीकरण. एक मार्क खिशात.

पण हे मेहता कोण होते, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ते स्वातंत्र्यसैनिक होते, संविधान सभेचे सदस्य होते, पुढे गुजरातचे मुख्यमंत्री झाले आणि मुख्यमंत्री असतानाच पाकिस्तानच्या लढाऊ विमानाने त्यांचं विमान पाडलं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावातला नळ, रस्त्यावरचा दिवा, तुंबलेली गटार आणि घरपट्टीची पावती हा विषय त्यांनी दिल्लीच्या टेबलावर नेऊन ठेवला. वरवर पाहता हे किरकोळ कारभाराचे विषय. पण या किरकोळ गोष्टींचा निर्णय कोण घेतं, यावरच देशातली लोकशाही खरी की खोटी हे ठरतं, असं त्यांच्या समितीच्या अहवालाचं सार होतं.

संस्थानातला मुलगा

बळवंतराय गोपाळजी मेहता यांचा जन्म १९०० च्या सुमाराचा, भावनगरचा. भावनगर हे काठियावाडातलं संस्थान. तिथे थेट इंग्रजांचं राज्य नव्हतं, महाराजांचं होतं.

आता संस्थानात राहणाऱ्या माणसाची गोष्ट जरा वेगळी असायची. ब्रिटिश मुलखात निदान नगरपालिका, लोकल बोर्ड, कौन्सिल असं काहीतरी होतं. मतदानाचा हक्क मूठभरांना होता, पण होता. बहुतेक संस्थानांत तेवढंही नव्हतं. राजा चांगला असेल तर विहीर खोदली जायची, शाळा निघायची. नसेल तर नाही. भावनगरचे राजे आणि दिवाण तसे प्रागतिक म्हणून ओळखले जायचे. पण चांगला राजा असला तरी विहीर ही मेहरबानीच. हक्क नव्हे.

कॉलेजात शिकत असताना असहकाराची चळवळ सुरू झाली. बळवंतरायांनी पदवीचं शिक्षण घेतलं, पण परक्या सरकारच्या हातून पदवी घ्यायला नकार दिला आणि १९२० मध्ये चळवळीत उडी घेतली. पुढच्याच वर्षी भावनगरमध्ये प्रजा मंडळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. प्रजा मंडळाची मागणी साधी होती, राज्यकारभार प्रजेला जबाबदार असला पाहिजे.

लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या लोक सेवक मंडळाचेही ते सदस्य झाले. आयुष्य सार्वजनिक कामाला द्यायचं आणि तुटपुंज्या मानधनावर राहायचं, अशी ही संस्था. लालबहादूर शास्त्री याच संस्थेतले. पुढे १९६५ च्या युद्धात एक देशाचा पंतप्रधान असणार होता आणि दुसरा सीमेवरच्या राज्याचा मुख्यमंत्री, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

१९२८ मध्ये बारडोलीचा सत्याग्रह झाला, त्यात बळवंतराय होते. १९४२ च्या चले जाव चळवळीत त्यांना तीन वर्षं तुरुंगवास झाला. सगळं मिळून आयुष्यातली सुमारे सात वर्षं तुरुंगात गेली. देशभरातल्या संस्थानी प्रजेची जी अखिल भारतीय परिषद होती, तिच्या कामातही ते पुढे होते.

१५ जानेवारी १९४८ रोजी भावनगरच्या महाराजांनी लोकांच्या हाती कारभार सोपवला. सरदार पटेल त्या समारंभाला होते. त्या लोकनियुक्त सरकारचं नेतृत्व आलं बळवंतरायांकडे. ज्या दरबाराकडे एकेकाळी अर्ज करायचे, तिथला कारभारच त्यांच्या हाती आला.

संविधानात गाव जवळपास राहूनच गेलं होतं

बळवंतराय संविधान सभेत होते. तिथे गावाच्या प्रश्नावर मोठा वाद झाला.

महात्मा गांधींच्या कल्पनेत गाव हा स्वराज्याचा पाया होता. पण संविधानाच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायतींना जागाच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना गावाचं गोडवे गाणारं चित्र स्पष्ट शब्दांत नाकारलं. गावात जात आहे, अज्ञान आहे, संकुचितपणा आहे, तिथे सत्ता दिली तर ती कुणाच्या हातात जाईल, हा त्यांचा रोख होता. ज्याने गावकुसाबाहेरचं जगणं पाहिलंय, त्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनी आग्रह धरला आणि के. संथानम यांच्या दुरुस्तीने कलम ४० आलं. राज्यांनी ग्रामपंचायती स्थापन कराव्यात आणि त्यांना अधिकार द्यावेत, असं हे कलम सांगतं. पण ते टाकलं गेलं मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे राज्याने केलं तर उत्तम, नाही केलं तर कोर्टात जाता येत नाही.

थोडक्यात, गावाचा विषय टाळला नाही, पण पुढे ढकलला गेला. तो पुन्हा समोर आला तो पैशाच्या निमित्ताने.

दोन ऑक्टोबरला वाजतगाजत सुरू झालेली योजना

२ ऑक्टोबर १९५२. गांधी जयंतीचा मुहूर्त धरून देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला ५५ प्रकल्प. एका प्रकल्पात साधारण ३०० गावं, आणि त्याचे तीन भाग म्हणजे ब्लॉक, प्रत्येकी १०० गावांचे. गटविकास अधिकारी म्हणजे आपला बीडीओ आणि गावपातळीवरचा ग्रामसेवक ही माणसं या कार्यक्रमामुळेच सरकारी व्यवस्थेत पक्की रुजली. वर्षभराने त्याला राष्ट्रीय विस्तार सेवेची जोड मिळाली.

कल्पना उत्तम होती. शेती, आरोग्य, रस्ते, शिक्षण सगळं एकत्र, आणि लोकांच्या सहभागातून. पण चार वर्षांत एक गोष्ट दिसायला लागली. जीप येते, अधिकारी उतरतात, कार्यक्रम होतो, जीप जाते. लोक बघत उभे राहतात. रस्ता झाला तर तो सरकारचा रस्ता, विहीर झाली तर सरकारची विहीर. बिघडली की सरकारनेच दुरुस्त करायची.

मग जानेवारी १९५७ मध्ये या सगळ्याचा हिशोब घ्यायला एक अभ्यासगट नेमला गेला. अध्यक्ष बळवंतराय मेहता. ते तेव्हा खासदार होते, काँग्रेसचे सरचिटणीस राहिलेले होते आणि लोकसभेच्या अंदाज समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं होतं. सरकार पैसा कुठे खर्च करतं आणि त्यातून काय निघतं, हे बघण्याची सवय असलेला माणूस.

खरं तर काम फक्त काटकसर आणि परिणामकारकता तपासण्याचं होतं. पण २४ नोव्हेंबर १९५७ ला अहवाल आला तेव्हा त्यात देशाच्या कारभाराची रचनाच बदलायचा प्रस्ताव होता.

अहवाल नेमकं काय म्हणत होता?

अभ्यासगटाचं निदान असं होतं की, लोक उदासीन नाहीत, त्यांच्या हातात काही नाही. ब्लॉकला सल्लागार समित्या होत्या, पण त्यांत नेमलेली माणसं होती आणि त्यांच्या सल्ल्याला वजन नव्हतं. निर्णय आणि पैसा दोन्ही अधिकाऱ्याकडे. अशा वेळी गावकऱ्याने उत्साह कशासाठी दाखवायचा?

म्हणून उपाय असा सांगितला की, सरकारने विकासाच्या कामाची जबाबदारी निवडून आलेल्या संस्थांकडे पूर्णपणे द्यावी. स्वतः फक्त मार्गदर्शन, देखरेख आणि वरचं नियोजन करावं.

त्यासाठी तीन पायऱ्या. खाली थेट निवडून आलेली ग्रामपंचायत. मध्ये पंचायत समिती. वर जिल्हा परिषद. मेहतांच्या रचनेत खरी ताकद मधल्या पायरीकडे, पंचायत समितीकडे होती. गाव एकट्याने मोठी कामं करायला लहान पडतं आणि जिल्हा लोकांपासून लांब पडतो, म्हणून ब्लॉक. जिल्हा परिषद सल्ला आणि समन्वयापुरती, आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी.

एवढं परीक्षेत येतं. पण अहवालातला सगळ्यात जमिनीवरचा भाग परीक्षेत येत नाही. तो आहे ग्रामपंचायतीच्या रोजच्या कामाचा.

ग्रामपंचायतीची बंधनकारक कामं अशी सांगितली होती: पिण्याचं पाणी, स्वच्छता, दिवाबत्ती, गावातले रस्ते, जमिनीची व्यवस्था, नोंदी आणि आकडेवारी ठेवणं, मागासवर्गीयांचं कल्याण. आज तुमच्या गावच्या मासिक सभेचा अजेंडा काढून बघा, यातलेच विषय सापडतील. अमक्या गल्लीत पाणी येत नाही. चौकातला दिवा बंद आहे. गटारावर फरशी टाकायची आहे. जन्माची नोंद राहिली आहे.

आणि पैसा? तोही मोजून सांगितला होता. घरपट्टी. बाजार आणि वाहनांवरचा कर. पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर. जनावरांच्या विक्रीच्या नोंदणीची फी. कोंडवाड्याचं उत्पन्न. शिवाय पंचायत समितीकडून अनुदान आणि शेतसाऱ्यातला वाटा. देशाच्या लोकशाहीचा आराखडा काढणाऱ्या अहवालात मोकाट गुरांच्या दंडाचा हिशोब आहे. कारण अधिकार दिले आणि खिसा रिकामा ठेवला तर त्या अधिकारांना अर्थ नाही, हे अंदाज समितीत बसलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं.

एक कडक सूचनाही होती. ज्याने आदल्या वर्षीचा कर भरलेला नाही त्याला पंचायतीच्या निवडणुकीत मतदान नको, आणि सदस्याची थकबाकी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर त्याचं सदस्यत्व जावं. मतदानाची अट आपल्याकडे नाही. पण सदस्याबाबतचा विचार महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. मागणीचं बिल आल्यावर तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. थकीत घरपट्टीवरून गावोगाव रंगणारी प्रकरणं याच कलमातून निघतात.

आंबेडकरांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचं काय? अहवालाने महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधींना सदस्य म्हणून सामावून घेण्याची शिफारस केली. पण हे घ्यायचे होते स्वीकृत सदस्य म्हणून. म्हणजे निवडून आलेल्यांनी ज्यांना बोलवायचं ते. गावातल्या सत्तेचं पारडं एवढ्याने हलणार नव्हतं. ही त्या अहवालाची मोठी मर्यादा होती आणि ती भरून निघायला आणखी ३५ वर्षं लागली.

महाराष्ट्राने अहवाल घेतला, पण आपल्या पद्धतीने

अहवाल आला तेव्हा भावनगर आणि कोल्हापूर एकाच राज्यात होते, हे आज विचित्र वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र मिळून द्विभाषिक मुंबई राज्य होतं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं आणि त्याच राज्याच्या विधिमंडळाने मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मंजूर केला. तो १ जून १९५९ पासून लागू झाला. आपल्या ग्रामपंचायती आजही याच कायद्यावर चालतात, फक्त नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं.

जानेवारी १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने मेहतांची कल्पना उचलून धरली. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज सुरू झालं. लगेच आंध्र प्रदेश आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि मेहतांचा एक मोठा मुद्दा उलटा केला. पंचायत समिती नको, जिल्हा परिषद बलवान करा. जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवा. अध्यक्ष निवडून आलेला असेल आणि प्रशासन सांभाळायला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ असेल.

१ मे १९६२ पासून ही रचना लागू झाली. मेहतांना ब्लॉक योग्य वाटला होता, नाईकांना जिल्हा. आपल्याकडे झेडपी म्हणजे मिनी मंत्रालय हे जे बोललं जातं, त्याचं मूळ इथे आहे. राज्याच्या राजकारणातली कित्येक मोठी नावं झेडपीतून तयार झाली, तीही याच निर्णयामुळे. गुजरातने स्वतःचा वेगळा पंचायत कायदा केला आणि तो १ एप्रिल १९६३ पासून अमलात आणला.

मुख्यमंत्री आणि शेवटचं उड्डाण

सप्टेंबर १९६३ मध्ये जीवराज मेहता यांच्या जागी बळवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री झाले. ज्या व्यवस्थेचा आराखडा कागदावर काढला, ती आता स्वतःच्याच राज्यात चालवायची होती. पण त्यांना मिळाली फक्त दोन वर्षं.

१९६५ मध्ये आधी कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं. १९ सप्टेंबर १९६५ ला मुख्यमंत्री मिठापूरहून छोट्या बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमेकडे निघाले. सोबत पत्नी सरोजबेन, तीन कर्मचारी, एक पत्रकार आणि विमानाचे दोन कर्मचारी होते. विमान चालवत होते हवाई दलातून निवृत्त झालेले जहांगीर इंजिनियर.

कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून उडालेल्या पाकिस्तानी सेबर विमानाने त्यांना गाठलं. वैमानिक होता कैस हुसैन. हे नागरी विमान आहे हे दाखवण्यासाठी बीचक्राफ्टने पंख हलवून इशारा केला. खाली नियंत्रण कक्षाकडून हुसैनला आदेश आला आणि त्याने गोळीबार केला. कच्छमधल्या सुथरी गावाजवळ विमान कोसळलं. आठही जण ठार झाले.

चारच दिवसांनी, २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. पदावर असताना शत्रूच्या हल्ल्यात मारले गेलेले बळवंतराय हे देशातले एकमेव मुख्यमंत्री.

या घटनेला ४६ वर्षं झाल्यावर, २०११ मध्ये कैस हुसैन यांनी विमान चालवणाऱ्या इंजिनियर यांच्या मुलीला ईमेल लिहून दुःख व्यक्त केलं. आपण आदेश पाळला होता, असं त्यांनी कळवलं. तिनेही मनात कडवटपणा न ठेवता त्यांना उत्तर पाठवलं. दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत तेव्हा ती बातमी झाली होती.

त्यांच्या मागे काय झालं?

साठचं दशक सरता सरता पंचायत राजची रया गेली. बऱ्याच राज्यांत निवडणुका वर्षानुवर्षं लांबवल्या गेल्या. आमदार-खासदारांना गावपातळीवर नवे स्पर्धक नको होते आणि अधिकाऱ्यांना मालक नको होते. कलम ४० मार्गदर्शक तत्त्व असल्याने कोर्टाचा दरवाजाही बंद. १९७७ मध्ये अशोक मेहता समिती नेमली गेली. आडनाव सारखं असल्याने परीक्षेत गोंधळ होतो, पण माणूस वेगळा आणि शिफारसही वेगळी. तिने तीनऐवजी दोन पायऱ्या सुचवल्या.

शेवटी ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतीला संविधानाचं संरक्षण मिळालं. दर पाच वर्षांनी निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, २९ विषयांची यादी. आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी स्वीकृत नव्हे, तर निवडून येण्यासाठी राखीव जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. आंबेडकरांनी १९४८ मध्ये उभ्या केलेल्या प्रश्नाला व्यवस्थेने दिलेलं हे पहिलं ठोस उत्तर म्हणता येईल. ते पुरेसं आहे का, हे ज्या गावात सरपंच महिला आहे पण खुर्चीत दुसराच बसतो तिथे जाऊन बघावं.

मेहतांनी ठेवलेली दोन मापं आजही लावून बघता येतात.

पहिलं माप पैशाचं. आजही बहुतेक गावांची कामं घरपट्टीवर नाही, तर वरून येणाऱ्या निधीवर चालतात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना पैसे दिले, पण त्यातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. गावाने स्वतः ठरवायचं असा भाग उरला ४० टक्के.

दुसरं माप अधिकाराचं. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता, निवडणुका लांबल्या आणि तिथे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. निवडून आलेलं कुणी नाही आणि सगळे निर्णय अधिकाऱ्याच्या सहीने. १९५७ च्या अहवालाने नेमक्या याच परिस्थितीला आजार म्हटलं होतं.

आपल्या राज्यात आज सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत म्हणून कित्येक ग्रामसभा तहकूब होतात. तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, मग पाच-दहा जण बसून गावाचं वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करून टाकतात.

गावची विहीर ही राजाची मेहरबानी नसून लोकांचा हक्क असावा, यासाठी भावनगरचा एक तरुण १९२१ मध्ये घराबाहेर पडला होता. पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीवर पाणी, दिवाबत्ती, गटार आणि घरपट्टी हेच विषय असतील. त्या दिवशी गावात असाल तर जाऊन बसा. १०० जणांत एकाची भर पडेल.